हरीकाकांचा धूर आणि परसातला रायवळ

वेळवलीत येऊन कुणाला हरिश्चंद्र आरेकरांचं घर विचारलं, तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, कोण, धूरवाले का? गुहागरपासून खाली खाडीच्या अंगाला हे गाव. इथले निम्मे पुरुष मुंबईला, निम्मे बोटीवर, आणि गावात उरतात ते निवृत्त झालेले. हरीकाका बोटीवरचे. उभा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढला. आधी फडकं मारणारे, मग ऑइलर, शेवटी फिटर. कायमचे घरी आले तेव्हा एक कान इंजिनाने खाल्ला होता आणि आवाज मात्र इंजिनाच्या वर चढवायची सवय लागली होती, ती सुटली नाही. काका बायकोच्या कानात काही बोलले तरी ते तिसऱ्या घरात चहा पिताना ऐकू येतं.

माणूस लाख, पण एक खोड. जगात कुठेही काही बिघडलं की ते आपल्या हातून बिघडलं असं त्यांना वाटायचं, आणि दुरुस्तही आपणच करायचं असंही. शेजारच्या कमळाचा पंप बंद पडला, तर हे रात्रीचं जेवण सोडून पाने-पक्कड घेऊन हजर. कमळा सांगत राहिली की वीजच गेली आहे, तरी यांनी पंप उघडलाच. वीज आल्यावर तो चालला नाही, ही गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाला शाळेने पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून बोलावलं. शाळेत त्यांची पुतणी अक्षया मास्तरीण आहे, तिनेच आग्रह केला. काकांनी नेहमीची गोष्ट सांगितली. आमच्या बोटीचं इंजिन चार मजली, दिवसाला चाळीस टन तेल पिणार, आणि वर चिमणीतून असा काळा धूर की किनाऱ्यावरची माणसं ओळखायची, आली आरेकरची बोट. पोरांनी टाळ्या पिटल्या. काका खूष होऊन व्हरांड्यात चहा प्यायला बसले. तिथे अक्षया जवळ येऊन म्हणाली, काका, गोष्ट छान आहे, पण चाळीस टनांचं पुढच्या वर्षी नको. मी ह्याच आठवड्यात मुलांना उलटं शिकवलंय.

उलटं म्हणजे काय, ते तिने तिथेच समजावलं. पान हवेतला कार्बन ओढून घेतं, पान गळतं, कुजतं, कार्बन परत हवेत जातो, दुसरं पान तो ओढतं. गावकीची मोठी भांडी लग्नाला ह्या घरातून त्या घरात फिरतात आणि परत जागेवर येतात, तसं हे चाललेलं असतं. पण दगडी कोळसा म्हणजे फार जुनी गाडलेली जंगलं, आणि खनिज तेल म्हणजे फार जुन्या समुद्रातले बारीक जीव. ती भांडी जमिनीखाली पुरलेली होती. माणसाने ती उकरून एकदम वर काढली आणि आता ती ठेवायला घरच नाही. म्हणून हवा तापते, आणि तोच कार्बन विरघळून समुद्रही आंबट होत चाललाय.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं बाई, जगाचं काय ते जग बघेल. हरीकाकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे एवढी वर्षं मी उकरलेलंच जाळत होतो?" त्यांनी विचारलं, आणि ते झेंड्यापाशी गप्पा मारणाऱ्या सगळ्यांना ऐकू गेलं. अक्षया घाईने म्हणाली की तुम्ही एकट्याने नाही हो, सगळ्या जगाने. पण ते काकांच्या चांगल्या कानात शिरलंच नाही. जगातल्या धुरातला आपला वाटा उचलून, पाठीवर मारून काका घरी आले.

पाऊस ओसरला आणि वेळवलीला त्रास सुरू झाला. पावसाळा सरला, अंगणं कोरडी झाली, की आपल्याकडे सकाळी अंगण झाडून वाळक्या पानांच्या पातेऱ्याला काडी लावायची पद्धत. काका बादलीभर पाणी घेऊन वाडीत फिरायला लागले. कुठे धूर दिसला की गडगा ओलांडून आत, आणि पातेऱ्यावर पाणी. वर भाषण. पातेरा जाळू नका, माडाच्या आळ्यात टाका, कुजू द्या, जमीन खाऊ दे त्याला. हे बोलणं बरोबरच होतं म्हणा. पण एकदा कमळाने अंगणात केलेल्या शेकोटीभोवती तिचा म्हातारा सासरा शेकत बसला होता, त्याच्यासकट काकांनी विझवलं. कमळा जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरात तर त्याहून कडक कायदा. न्हाणीमागच्या पाणचुलीवर सावित्रीकाकी नारळाची सोडणं आणि झावळ्या जाळून अंघोळीचं पाणी तापवायच्या. काकांनी पाणचुलीच्या तोंडाला जांभ्या दगडाचा चिरा लावला. आजपासून पाणी गॅसवर. सावित्रीकाकी ही बाई कमी बोलणारी. त्या चिऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि पातेलं गॅसवर चढवलं. पातेलं लहान, माणसं दोन, पाणी कोमट. काका पहाटेच्या गारव्यात कुडकुडत अंघोळ करायचे आणि दात वाजवत म्हणायचे, बघ, धूर नाही.

दिवाळीला अक्षया फराळाचं घेऊन आली. पाणचुलीला लावलेला चिरा पाहून तिने विचारलं, काकांनी अभिमानाने सांगितलं. तिने हातातला चकलीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "काका, गॅस कुठून येतो?"

काकांना गाडीवाल्याचं नाव माहीत होतं, ते त्यांनी सांगितलं. तसं नाही, अक्षया म्हणाली, त्याच्या आधी कुठून? मग काकांचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. गॅससुद्धा जमिनीखालचाच. सोडण मात्र ह्याच वर्षीचं. ते जाळलं तरी माड तेवढं परत ओढून घेतो, फिरणारं भांडं फिरतंच राहतं. हां, धूर डोळ्यांना वाईट, चुलीला चिमणी बसवा, पण हिशेबात पाणचूल गॅसपेक्षा परवडली. काकांनी एवढे दिवस बायकोला बंदी घालून, कुडकुडून, उकरलेलंच जाळलं होतं.

सकाळी सावित्रीकाकी उठल्या तर काका पाणचुलीपुढे उकिडवे बसून फुंकणीने जाळ घालतायत, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. काकींनी हंडा भरून चुलीवर चढवला. त्या बोलल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

अक्षयाने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि तीच काकांनी उराशी धरली. झाड उभं आहे तोवर त्याने ओढलेला कार्बन त्याच्या लाकडात बसून राहतो. मोठं झाड म्हणजे मोठं कोठार. काकांनी पावसातच वरच्या सड्यावर रोपं लावली होती, जांभूळ, बकुळ, करंज, काय मिळेल ते. सड्यावर माती चार बोटं आणि खाली सगळा कातळ. लावताना उत्साह फार, पाणी घालायला जायचं ते धूर विझवायच्या गडबडीत राहून गेलं. थंडी सरेपर्यंत रोपांच्या काड्या झाल्या. पण काकांना तेवढं दुःख झालं नाही, कारण त्यांच्याकडे परसातला रायवळ होता.

हा रायवळ आंबा मात्र बघण्यासारखा. माडांच्या मधे उगवलेला, उजेडासाठी धडपडत सरळसोट वर गेलेला, माडांच्याही डोक्यावर जाऊन मग पसरलेला. लग्नाच्या वर्षी, पहिल्या बोटीवर जायच्या आदल्या दिवशी काकांनी आंबा खाऊन बाठा तिथे पुरला होता. आता त्याचा बुंधा दोघांच्या कवेत मावायचा नाही. रोज सकाळी काका त्याला हात लावून यायचे. आल्यागेल्याला परसात नेऊन दाखवायचे आणि सांगायचे, ही माझी फेड. जेवढा धूर केला तेवढा भरून निघणार नाही, ठाऊक आहे, पण मरताना निदान सांगता येईल की एक झाड तरी मी उभं केलं. हे सांगताना ते बुंध्यावर थोपटायचे. आतून सावित्रीकाकींच्या भांड्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा.

आणि शिमगा आला. शिमग्याआधी गावकीची बैठक देवळापुढच्या सहाणेवर बसते, ग्रामदेवीच्या समोर. यंदाची होळी कुठल्या झाडाची, ते तिथे ठरतं. वेळवलीत होळी म्हणजे लाकडांचा ढीग नव्हे. उंच सरळ झाड तोडायचं, सगळ्या गावाने खांद्यावर घ्यायचं, नाचवत सहाणेवर आणायचं, खड्ड्यात उभं करायचं आणि मग बुडाशी पेंढा पेटवायचा. गावचे प्रमुख म्हणजे गावकर महिपत बैठकीला मधोमध बसलेले, देवीचा गुरव भागोजी उंबऱ्यापाशी. महिपतांनी सांगितलं की दरसालप्रमाणे वरच्या रानातलं एखादं झाड धरू.

हरीकाका उभे राहिले. झालं, लोक म्हणाले. काका कार्बनपासून सुरू झाले ते रानापर्यंत आले, रानात आता सरळ झाडं उरली आहेत किती, दरवर्षी एक काढतो ती परत लावतो का कोण, वगैरे. कुणी तरी मागून टोमणा मारला की बोटीवर मणामणाने तेल जाळलं तेव्हा कुठे होता हा शहाणपणा. ते नेमकं दुखऱ्या जागी लागलं. काकांचं डोकं फिरलं, आणि देवीकडे हात करून ते गरजले, "तोडायचंच असेल तर माझं झाड तोडा! रानाला हात लावू नका!"

माणूस रागात बोलतो तसं बोलले. मुंबईच्या एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले असते तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण सहाणेवर, देवीकडे हात करून, शिमग्याच्या बैठकीत! तिथे बोललेला शब्द बोलणाऱ्याचा राहत नाही.  महिपतांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, नारळ उचलून देवीपुढे ठेवला आणि म्हणाले, आरेकरांनी झाड दिलं. सगळ्यांनी हात जोडले. झाड देणं हा मान असतो, त्याला नाही म्हणत नाहीत. काकांनीही हात जोडले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्याकडे होळीजोगं झाड एकच होतं, आणि ते कुठलं हे गावातल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः परसात नेऊन दाखवलं होतं.

 एका दुपारी काका भागोजीच्या घरी गेले. देवीला दुसरं काही चालेल का, ओटी, नारळाचं तोरण, सोन्याचं फूल? भागोजीने मान हलवली. तो म्हणाला, "काका, तुम्ही जरा हळू बोलला असता तर बघितलं असतं. आईला सगळं स्वच्छ ऐकू गेलंय."

घरी त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज काय होती, सहाणेवरचा तो आवाज त्यांच्या स्वतःच्या ओटीवर ऐकू आला होता. सावित्रीकाकी नेहमीप्रमाणे भाकऱ्या थापत होत्या, सुकटीचं कालवण करत होत्या. काका परसात जाऊन बुंध्याला टेकून उभे राहायचे. कुऱ्हाड पहिल्यांदा कुठे बसेल, ते बघायचे. इंजिनं उघडून परत जोडली, पण तोडलेलं झाड जोडता येत नाही, हे त्यांना त्या दिवसांत पुरतं कळलं.

होळीच्या दिवशी दुपारी ढोल वाजत वाजत गाव आरेकरांच्या खळ्यात आलं. मुंबईहून शिमग्याला आलेली चाकरमानी मंडळी पुढे. काकांचा भाचा विनोद सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर टॉवेलाची चुंबळ घेऊन, एवढं मोठं झाड उचलायचं म्हणून चढलेला. कुऱ्हाडवाले, दोरवाले, शिमग्याच्या आरोळ्या, फाका घालणारी पोरं. काका ओटीवरून उठले. शब्द दिला तो दिला. ते परसाकडे वाट दाखवायला निघाले आणि जागीच थांबले.

रायवळाखाली सावित्रीकाकी उभ्या होत्या. हातात ना कोयता, ना काठी. पदर खोचलेला, एवढंच.

"झाड न्यायला आलाव ना?" त्या महिपतांना म्हणाल्या. "न्या की. ह्यांनी आपलं झाड दिलंय, ह्यांचं न्या. हे माझं हाय. मी कायच बोललेली नाय."

ढोल थांबला. महिपत समजुतीने म्हणाले, वहिनी, बाठा हरीनेच लावलेला, तोच सांगत असतो. काकी म्हणाल्या, लावला, खरं आहे. लावला आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर गेले. रजेवर परत आले तेव्हा झाड माझ्या कमरेला आलं होतं. मधल्या वैशाखात खालच्या विहिरीतून डोक्यावरून पाणी कोणी आणलं? शेळ्या येतात म्हणून काट्यांचं कुंपण कोणी घातलं? वादळात ते वाकलं, तेव्हा पोटात सहावा महिना असताना त्याला टेकू कोणी दिला? हे सगळं त्या न ओरडता सांगत होत्या, बाजारातून आणलेल्या वस्तू सांगाव्यात तसं. गडग्यापलीकडून म्हाताऱ्या हौसाने साक्ष दिली की मी बघितलंय, हंडा हिच्या डोक्यावर आणि हा आगबोटीवर. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. कमळा तर पार पुढे येऊन काकींच्या बाजूला उभी राहिली.

असा प्रसंग वेळवलीत आधी आला नव्हता. महिपतांनी हात टेकले आणि भागोजीला म्हणाले, जा, आईला विचार. अख्खं गाव दोर आणि कुऱ्हाडी घेऊन खळ्यात ताटकळत बसलं. काकींनी सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. देवळात भागोजीने कौल लावला, देवीच्या अंगाला फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवीकडची आधी पडली तर बाईचं झाड सोडायचं. थोड्या वेळाने तो परत आला तो घाम पुसतच. "उजवी पडली," तो म्हणाला. "मी अजून विचारतोय तोवर पडली."

आईच ती, बाईमाणूस आहे, ती कौल कुणाच्या बाजूने देणार, असं कमळा मोठ्याने म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पण शब्द तर उरलाच होता. हरिश्चंद्र आरेकरांचं म्हणून जे झाड असेल ते होळीला द्यायचं होतं. सड्यावरच्या काड्या होळीला चालण्यासारख्या नव्हत्या. काका खाली मान घालून उभे. एवढा मोठा संसार, माड, पोफळी, फणस, आणि त्यात आपल्या हाताने वाढवलेलं एकही झाड दाखवता येईना. शेवटी सावित्रीकाकींनीच बोट दाखवलं. मोरीच्या कडेला शेवगा होता. काकांनी पावसात त्याची फांदी खोचली होती आणि विसरून गेले होते. भांड्यांचं पाणी पिऊन ती पुरुषभर उंच झाली होती.

"तो ह्यांचा," काकी म्हणाल्या. "त्यालाही पाणी माझंच, पण जाऊ दे."

आणि मग वेळवलीत अशी होळी आली की अजून लोक सांगतात. विनोदने चुंबळ सारखी करून खांदा लावला तर झाड उचललंय हे त्याला कळेचना. चाळीस माणसं त्या शेवग्याला एक एक बोट लावायला धडपडत होती. जड झाड नाचवताना माणसं धापा टाकतात, हे झाड माणसांना नाचवत होतं. वर उडवत होते, झेलत होते, एकदा तर ते कौलांवर जाऊन अडकलं. हसण्यामुळे ढोलवाल्याचा ठेका चुकला. सगळ्यांच्या पुढे, मानकऱ्याचा नारळ हातात घेऊन, हरीकाका चालत होते. झाड वाचलं याचा त्यांना आनंद झाला होता आणि ते आपलं नव्हतं याची लाज वाटत होती. दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन चालायचं म्हणजे सोपं नव्हे. शेवगा खड्ड्यात उभा केला, पेंढा पेटला, आणि काकांनी बादली आणली नाही.

सकाळी सावित्रीकाकी परसात आल्या तर काका विहिरीवरून भरलेली कळशी खांद्यावर घेऊन, आणि हातात बादली घेऊन, धापा टाकत चढून येत होते. कपडे भिजलेले. रायवळाखाली येऊन त्यांनी कळशी उतरवली.  मग म्हणाले, "सावित्री, ह्याला पाणी कधी घालायचं असतं? सकाळी की संध्याकाळी?"

काकींनी वर झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. रागाने नाही.

"आता त्याला पाणी लागत नाय," त्या म्हणाल्या. "लागत होतं, तेव्हा तुम्ही बोटीवर होतात."

काकांनी कळशी उचलली आणि परत खाली ठेवली. मुंबईच्या गोदीत पहिल्या बोटीवर चढताना रडले नव्हते, ते आता रडतील की काय असं त्यांना स्वतःलाच वाटलं. शेवटी त्यांनी विचारलं, मग मी काय करू?

"वाऱ्याने कैऱ्या पडल्यात, त्या वेचा," काकी म्हणाल्या. "ठेचलेल्या वेगळ्या काढा, त्या लोणच्याला चालत नायत."

काकांनी पाणी माडाच्या आळ्यात ओतलं आणि रिकामी बादली घेऊन कैऱ्या वेचायला वाकले.